इमॅजिकाला जायचंय? गाडी करावी की एसटी, आधी हिशोब बघा

बीड : सुट्टी लागली की पोरं खोपोलीच्या इमॅजिका पार्कचा हट्ट धरतात. २०१३ साली सुरू झालेलं हे पार्क बीडपासून एका बाजूने सुमारे ३०० किलोमीटर आहे.

भाड्याची गाडी : दारातून नेते, दारात सोडते. पण भाडं जाऊन-येऊन ६०० किलोमीटरचं. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. सात-आठ जण असतील तरच परवडते.

एसटी : महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ च्या पुढे मोफत. पुण्यापर्यंत एसटीने जावं. पुढे पार्कच्या बसची सोय आहे का, हे पार्कचं तिकीट काढतानाच विचारावं. परतीची गाडी हुकली तर मुक्काम पडतो, तो खर्चही धरा.

हे विसरू नका : स्वस्त पडते म्हणून ओळखीतली पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी भाड्याने नेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. पिवळी प्लेट, परमिट आणि विम्याची तारीख बघूनच इसार द्या. रात्रभर गाडी चालवलेल्या ड्रायव्हरला झोप घेऊ द्या, मगच परत निघा.