दोन कथा, एक पंचांग

इतिहासाच्या अभ्यासकाला शकावलीचें महत्त्व निराळें सांगावयास नको. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीच्या वादाला जेधे शकावलीनें केवढी कलाटणी दिली, हें महाराष्ट्रीय वाचकांस ठाऊकच आहे. परंतु जीं माणसें कधीं जन्मलींच नाहींत, त्यांचीही शकावली ठेवावी लागते, व तींत थोडी गफलत झाली तरी जाब विचारणारे निघतात, हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल. इंग्लंडांतील ‘द आर्चर्स’ या नभोवाणी-मालिकेचा इतिहास या दृष्टीनें फार बोधप्रद आहे.

या मालिकेचा जन्म टंचाईच्या काळांतला. दुसरें महायुद्ध संपलें तरी ब्रिटनमध्यें अन्नाचें रेशनिंग १९५४ पर्यंत चालूच होतें. शेतीचें उत्पन्न वाढविणारी नवी माहिती शेतकऱ्यांच्या कानीं घालणें सरकारास अगत्याचें वाटत होतें. पण कोरडीं व्याख्यानें ऐकतो कोण? १९४८ सालीं बर्मिंगहॅम येथें भरलेल्या एका बैठकींत एका शेतकऱ्यानें सुचविलें कीं, डिक बार्टन या साहसी वीराची कथा लोक जशी कान टवकारून ऐकतात, तशी शेतकऱ्याची कथा ऐकवावी. बी. बी. सी.चे गॉडफ्रे बेझ्ली यांनीं ती सूचना उचलली. २९ मे १९५० पासून एक आठवडा मध्य इंग्लंडापुरता प्रयोग झाला व १ जानेवारी १९५१ पासून ही कथा सर्व ब्रिटनभर ऐकूं येऊं लागली. अँब्रिज हें गांव काल्पनिक, बोर्सेटशर हा परगणाही काल्पनिक. पण तेथील पेरणी, कापणी आणि गुरांचे रोग मात्र खरे.

यांतूनच या कथेचा काळाविषयींचा नियम सिद्ध झाला. श्रोत्याच्या घरीं नाताळ तेव्हां अँब्रिजलाही नाताळ. श्रोता वर्षानें वडील झाला कीं पात्रेंही तितकींच वडील होतात. फिल आर्चरची भूमिका नॉर्मन पेंटिंग यांनीं १९५० पासून २००९ सालीं मृत्यु येईपर्यंत केली. त्यांच्याबरोबर फिलही तरुणाचा आजोबा झाला.

एकदां असा नियम पत्करला कीं मागचें कांहीं पुसतां येत नाहीं. २२ सप्टेंबर १९५५ रोजीं, ज्या रात्रीं इंग्लंडांत व्यापारी दूरचित्रवाणी सुरू झाली त्याच रात्रीं, फिलची नवपरिणीत पत्नी ग्रेस तबेल्याच्या आगींतून घोडा सोडवितांना प्राणास मुकली. फिलनें १९५७ सालीं जिलशीं दुसरा विवाह केला. १९६७ सालीं त्यांना एलिझाबेथ ही कन्या झाली. आणि याच एलिझाबेथचा पति नायजेल २०११ च्या जानेवारींत वाड्याच्या छपरावरून पडून मेला. ग्रेस जगती तर हा पुढचा वंशविस्तारच झाला नसता. म्हणूनच या मालिकेच्या कचेरींत पात्रांचे जन्म, विवाह, आजार, शेतें यांची नोंद करणारीं कार्डें पिढ्यान् पिढ्या ठेवलीं गेलीं.

एका कथेची ही गोष्ट झाली. एप्रिल २०११ मध्यें बी. बी. सी.नें आपल्या दुसऱ्या एका केंद्रावरून ‘अँब्रिज एक्स्ट्रा’ ही शाखा-मालिका सुरू केली. ती २०१३ पर्यंत टप्प्याटप्प्यानें चालली. मूळ कथेंत जीं माणसें गांवाबाहेर गेलीं कीं श्रोत्यांच्या कानांआड होत, त्यांच्या मागोमाग ही शाखा जाऊं लागली. साउथॅम्प्टनच्या विद्यापीठांत शिकणारी एलिस ही त्यांपैकींच एक.

येथें खरी अडचण उभी राहते. जी मुलगी दुपारीं साउथॅम्प्टनला वर्गांत बसली, ती संध्याकाळीं अँब्रिजला आईच्या पंगतीस दिसावयाची तर मधल्या प्रवासाचा हिशेब लागलाच पाहिजे. त्याहून बिकट प्रश्न जाणतेपणाचा. मूळ मालिका ऐकणारे सगळेच शाखा ऐकतात असें नाहीं. तेव्हां शाखेंत घडलेलें ठाऊक आहे असें मुळानें गृहीत धरतां कामा नये, आणि त्याला बाध येईल असेंही बोलूं नये. शाखेंत फारच मोठें कांहीं घडलें तर मुळाचा श्रोता फसवला जातो. कांहींच घडलें नाहीं तर शाखा ऐकावी कशाला?

कोणी म्हणेल, ही सारी कल्पित कथा. तिला एवढा काटेकोरपणा कशास हवा? शेक्सपिअरनें सीझरच्या रोमांत ठोके देणारें घड्याळ ठेवलें, म्हणून नाटकाचें काय बिघडलें? आमचें उत्तर असें कीं, नाटक प्रेक्षकाचा विश्वास दोन-तीन तासांपुरता मागतें. ही कथा तो जन्मभराचा मागते. दुसरें असें कीं, इतिहासकारासमोर दोन साक्षी परस्परविरुद्ध आल्या तर त्यांच्यामागें एक घडलेली गोष्ट उभी असते. ती शोधून कोणती साक्ष खोटी हें त्याला ठरवितां येतें. कल्पित कथेमागें अशी तिसरी गोष्ट नसते. मूळ व शाखा यांच्या तारखा जुळल्या नाहींत तर दाद कोठें मागावयाची? दोन्ही एकदमच खोट्या ठरतात.

याचा प्रत्यय मे २०२० मध्यें आला. मालिकेचे भाग कांहीं आठवडे आधीं ध्वनिमुद्रित होतात. महामारीनें देश घरांत कोंडला गेला तरी अँब्रिजचे लोक मात्र मोकळेपणानें एकमेकांस भेटत राहिले. अखेर कांहीं आठवडे जुने भाग ऐकवावे लागले, आणि त्यानंतर नटांनीं आपापल्या घरून म्हटलेलीं स्वगतें सुरू झालीं. श्रोत्यांच्या पंचांगाशीं पुन्हा जुळवून घेण्यासाठीं मालिकेनें आपली सत्तर वर्षांची संवादाची रीत तात्पुरती सोडली. लेखक पात्रांचा धनी असेल. परंतु काळ त्यानें श्रोत्यांकडून उसना घेतलेला असतो, आणि उसन्या वस्तूचा हिशेब चोख ठेवणें त्याला भागच आहे.