५६५ फूट : एका फटक्याचे मोजमाप

श्रोतेहो, विटीदांडूचा डाव रंगला की विटी किती लांब गेली यावरून हटकून तंटा होतो. दांडूने अंतर मोजायला जो वाकतो, त्याच्यावर आधी साऱ्यांची नजर! अमेरिकेतल्या बेसबॉलमध्येही असाच एक तंटा अर्धशतकाहून अधिक काळ चालला, त्याची ही हकीकत.

बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न घेता येतो आणि तो सोट्यासारख्या गोल बॅटने मारायचा असतो. तो समोरच्या कुंपणापलीकडे हवेतून गेला, की झाला 'होमरन'. आपला षटकारच म्हणा ना.

तारीख १७ एप्रिल १९५३. स्थळ वॉशिंग्टनचे ग्रिफिथ स्टेडियम. न्यूयॉर्क यांकीज संघाचा मिकी मँटल खेळायला आला. वय अवघे एकवीस. ओक्लाहोमातल्या जस्त-शिशाच्या खाणीत राबणाऱ्या बापाने त्याला लहानपणापासून दोन्ही हातांनी फटके मारायला शिकवले होते. तो बाप १९५२ साली वारला. त्या दिवशी चेंडू टाकणारा चक स्टॉब्स डावखुरा, म्हणून मँटल उजव्या हाताने खेळत होता. वारा मैदानाबाहेर वाहत होता, आणि तोही चांगला जोराचा. चेंडू डाव्या बाजूच्या बाकांवरून गेला, वरच्या बियरच्या जाहिरातीला घासला आणि दिसेनासा झाला.

यांकीजचा प्रसिद्धी अधिकारी रेड पॅटरसन लगोलग बाहेर धावला. घरांच्या मागच्या आवारात चेंडू एका मुलाच्या हाती लागला होता. त्याने जागा दाखवली. गुरुजी, पुढची बेरीज मुलांना फळ्यावर मांडून दाखवा. कुंपणापर्यंत ३९१ फूट, तिथून मागच्या भिंतीपर्यंत ६९, आणि भिंतीपासून त्या आवारापर्यंत १०५. एकूण ५६५ फूट, म्हणजे सुमारे १७२ मीटर! वर्तमानपत्रांनी आकडा उचलून धरला, आणि फीत लावून मोजावा असा 'टेप-मेजर' होमरन हा शब्दप्रयोग अमेरिकेत रूढ झाला.

बेरीज बिनचूक आहे. पण बरं का, मोजले ते काय? चेंडू सापडला ती जागा. तो पडला कुठे, हे पॅटरसनने पाहिले नव्हते. पडलेला चेंडू उसळतो, घरंगळतो, हे गोट्या खेळणारे पोरही सांगेल. आणि फीत? ती तर नव्हतीच! पावले टाकून अंतर काढले, असे पॅटरसनने पुढे स्वतःच सांगितले. ज्या फटक्याने फितीचे नाव गाजवले, त्याला फीत लागलीच नव्हती. शिवाय पॅटरसनचे कामच मुळी आपल्या संघाचा डंका पिटण्याचे. साक्षीदार खोटारडा होता असे मी म्हणणार नाही. पण तो त्रयस्थ नव्हता, एवढे मनात धरूनच त्याचा आकडा वाचावा.

जेन लेव्ही या लेखिकेने मँटलचे चरित्र लिहिताना तो मुलगा, आता उतारवयाचा गृहस्थ, शोधून काढला. ते पुस्तक २०१० साली निघाले. ॲलन नेथन या भौतिकशास्त्रज्ञाने वारा, फलकाची उंची आणि चेंडूची वाट यांचा हिशेब मांडला. चेंडू हवेतून ५६५ फूट गेला नसावा, त्याहून कमीच गेला असावा, असा त्याचा निष्कर्ष. तरीसुद्धा फटका प्रचंडच होता, यात शंका नाही.

आता फेरमोजणी करायची सोय नाही. ग्रिफिथ स्टेडियम १९६५ साली पाडले गेले आणि त्या जागी हॉवर्ड विद्यापीठाचे रुग्णालय उभे राहिले. फलंदाज जिथे उभा राही ती जागा रुग्णालयाच्या आत खूण करून राखली आहे. कुंपण, मागची भिंत आणि तो जाहिरातीचा फलक मात्र उरलेला नाही.