वाफा कुणाचा, ससा कुणाचा?

भाजीच्या वाफ्याचे सशांपासून रक्षण कसे करावे, या प्रश्नाचे उत्तर इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत ठरून गेलेले आहे. तारेची जाळी लावावी. तिची भोके सव्वा इंचाहून मोठी नसावीत, उंची सुमारे तीन फूट असावी, आणि तळाची सहा इंच जाळी बाहेरच्या बाजूस वळवून मातीखाली दाबावी. ससा कुंपणाच्या अगदी पायथ्याशी उकरतो. जाळी आडवी आली की दोन पावले मागे सरून पुन्हा उकरावे, हे त्याला सहसा सुचत नाही. इतक्या साध्या गोष्टीवरून कधी माणसे फासावर गेली असतील, असे वाटत नाही. पण इंग्लंडात कित्येक शतके 'रक्षण कसे करावे' हा खरा प्रश्न नव्हताच. ते कुणी करावे, हा होता. वाफा ज्याने खणला, त्याला वाफ्यात शिरलेला ससा मारता येतो काय?

एक खुलासा आधीच केलेला बरा. आपल्याकडच्या माळरानावर दिसणारा ससा बीळ करीत नाही. तो गवताच्या आडोशाला राहतो. युरोपातला बिळात राहणारा ससा हा वेगळा प्राणी. इंग्रजीत या दोघांना दोन नावे आहेत, मराठीत एकच, त्यामुळे घोटाळा होतो. हा दुसरा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. रोमन काळात तो क्वचित इंग्लंडात पोहोचला असावा (फिशबोर्न येथील रोमन प्रासादात सापडलेले सशाचे एक हाड पहिल्या शतकातले असल्याचे २०१९ साली जाहीर झाले), परंतु तो तिथे खऱ्या अर्थाने स्थिरावला तो नॉर्मन सरदारांनी बाराव्या शतकात आणल्यानंतरच. म्हणजे ज्याला पुढे उपद्रवी म्हटले गेले, तो प्राणी मुळात मुद्दाम आणून, जपून वाढवलेला होता. त्याच्यासाठी मातीचे लांबट उंचवटे रचून आयती बिळे करून देत, हिवाळ्यात चारा घालीत. तेराव्या शतकात एका सशाची किंमत मजुराच्या दिवसाच्या मजुरीहून अधिक होती. नॉरफोकमधील थेटफर्ड येथे १४०० च्या सुमारास मठाधिपतीने सशांच्या रानाच्या राखणदारासाठी बांधलेली दुमजली इमारत अजून उभी आहे. तिच्या जाड भिंती आणि अरुंद खिडक्या पाहिल्या की हा छोटा किल्लाच वाटतो. शत्रू कोण, तर आसपासच्या गावांतली भुकेली माणसे.

आपल्याकडे राखण म्हटली की शेतात माचाण, गोफण आणि पिकाशेजारी जागणारा शेतकरी डोळ्यांपुढे येतो. इथे राखण होती ती पीक खाणाऱ्याची!

जमिनीवर लहान शिकार करण्याचा अनन्य हक्क राजा सनदेने देत असे, आणि तो सरदारांना नि मठांना मिळे. १३८१ च्या शेतकरी उठावात सेंट अल्बन्सच्या रहिवाशांनी तेथील मठाविरुद्ध जे केले, त्याची हकिकत त्याच मठातील टॉमस वॉल्सिंगहॅम या इतिवृत्तकाराने लिहून ठेवली आहे. लोकांनी मठाच्या रानांची कुंपणे मोडली. मोकळ्या शेतात एक जिवंत ससा पकडला आणि गुन्हेगारांना चारचौघांत उभे करण्याच्या गावच्या खोड्यावर तो बांधून ठेवला. शिकारीचा हक्क आता आमचा, याची ती खूण. वॉल्सिंगहॅम उठाववाल्यांचा कट्टर द्वेष्टा होता. तरीही या प्रसंगातला निवाडा त्याला झाकता आलेला नाही. आरोपीच्या जागी कोण उभा आहे, ते खोडा पाहणाऱ्या प्रत्येकाला कळत होते. महिनाभरात राजा सैन्यासह गावात आला आणि पुढारी विल्यम ग्रिंडकॉब फासावर गेला.

उठावानंतर दहा वर्षे उलटण्यापूर्वीच पार्लमेंटने कायदा केला : वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन नसलेल्या सामान्य माणसाने शिकारी कुत्रा, फेरेट किंवा जाळे बाळगू नये. (फेरेट म्हणजे बिळात सोडून ससे बाहेर काढणारा, मुंगसासारख्या अंगलटीचा पाळीव प्राणी.) कारण असे दिले की, सज्जन ख्रिस्ती चर्चमध्ये असताना मजूर-कारागीर शिकारीला जातात, आणि त्या निमित्ताने कट शिजतात. सेंट अल्बन्सची धास्ती अजून ओसरली नव्हती, हे उघड आहे.

या साखळीतला मला सर्वांत बोलका वाटणारा दुवा १५९७ सालच्या एका निवाड्यात आहे. शेजाऱ्याने आपल्या जमिनीत सशांची बिळे केली. ससे बेसुमार वाढले आणि दुसऱ्याचे पीक खाऊ लागले. नुकसानभरपाई मिळेल काय? नाही, असे न्यायालयाने सांगितले. ससा हा वन्य जीव. शेजाऱ्याची हद्द सोडताच त्याच्यावर शेजाऱ्याची मालकी उरत नाही. तुमच्या जमिनीत आला तर तुम्हीच त्याला मारू शकता, मग तक्रार कसली? युक्तिवाद बिनचूक आहे. फक्त तो ज्याच्या परसात कोबी आणि घेवडा आहे, पण ज्याच्यापाशी चाळीस शिलिंगांची जमीन नाही, त्याला लागू करून पाहावा. मारण्याचा अधिकार त्याच्याकडे होता, मारण्याची साधने बाळगण्याचा नव्हता. भरपाईचा दरवाजाही त्याच अधिकाराच्या नावाने बंद झालेला. १६७१ च्या कायद्याने शिकारीसाठीची उत्पन्नाची अट शंभर पौंडांवर नेली. परगण्यातून पार्लमेंटसाठी मत द्यायला तेव्हा दोन पौंड पुरत. १७२३ च्या कायद्यानुसार सशस्त्र आणि वेश पालटून सशांचे रान लुटणाऱ्याला देहदंड होता. १८२८ च्या कायद्यात रात्री ससे चोरताना तिसऱ्यांदा सापडलेल्यास सात वर्षे समुद्रापार पाठवण्याची तरतूद होती.

दरम्यान तंत्र पुढे गेले होते. नॉरिचच्या चार्ल्स बार्नार्डने १८४४ साली कापडाच्या मागाच्या धर्तीवर तारेची जाळी विणणारे यंत्र तयार केले. पण एकरांची शेते जाळीने वेढणे कुळाला परवडणारे नव्हते, आणि जमीनदार भाडेकरारातच शिकारीचा हक्क स्वतःकडे राखून ठेवीत. कोंडी सुटली ती १८८० साली. ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळातील गृहमंत्री विल्यम हारकोर्ट याने मांडलेल्या विधेयकाने जमीन कसणाऱ्याला ससे मारण्याचा असा हक्क दिला, जो कोणत्याही कराराने काढून घेता येणार नाही. बिआट्रिक्स पॉटरच्या १९०२ सालच्या प्रसिद्ध गोष्टीत मॅकग्रेगर ससुल्यामागे दाताळे घेऊन धावतो, तेव्हा हा कायदा अवघा बावीस वर्षांचा होता. लहानपणी आपण सारे सशाच्याच बाजूने असतो, त्याला इलाज नाही. असो.

पुढच्या सत्तर वर्षांत सशाची किंमत घसरत गेली आणि संख्या वाढत गेली. १९५२ साली फ्रान्समध्ये डॉ. आर्मां-दलील या निवृत्त वैद्याने आपली इस्टेट वाचवण्यासाठी दोन सशांना मिक्सोमॅटोसिस या रोगाचे विषाणू टोचले. रोग इस्टेटीच्या भिंतींत राहिला नाही. १९५३ मध्ये तो केंट परगण्यात पोहोचला आणि दोन-तीन वर्षांत ब्रिटनमधले बहुतांश ससे मेले. १९५४ च्या कायद्याने रोगी ससा वापरून साथ पसरवणे हा गुन्हा ठरवला. पण त्याच कायद्याने, सशांचे निर्मूलन करावयाचे क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या भागात, जमीन धारण करणाऱ्यावर ससे आटोक्यात ठेवण्याचे बंधन घातले. ज्या गोष्टीसाठी पूर्वी तुरुंग होता, ती न केल्याबद्दल आता जाब द्यावा लागतो.

थेटफर्डच्या आसपासच्या रेताड ब्रेकलँड प्रदेशात अलीकडे ससे फार कमी झाले. त्यांनी कुरतडलेल्या आखूड गवतावर आणि उकरलेल्या मातीवर जगणाऱ्या दुर्मिळ वनस्पती नि कीटक त्यामुळे संकटात आले. म्हणून तेथील संवर्धकांनी काटक्यांचे ढीग आणि मातीचे बांध रचून सशांना पुन्हा आयता आसरा करून द्यायला सुरुवात केली आहे. सुमारे सहाशे वर्षांपूर्वीची राखणदाराची इमारत तिथून फार लांब नाही.