पाळी गेल्यानंतरची उन्हाळी: एका उपचाराचा इतिहास

पाळी कायमची थांबल्यानंतर अनेक स्त्रियांना लघवीचा जंतुसंसर्ग वरचेवर होऊ लागतो. लघवीला आग होते, दर थोड्या वेळाने जावे लागते, रात्रीची झोप मोडते, ओटीपोट दुखते. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा असे झाले, तर वैद्यकात त्याला वारंवार होणारा मूत्रसंसर्ग म्हणतात. घरात त्याचे नाव सरळ असते: उन्हाळी लागली. उपायही ठरलेले असतात. धने-जिऱ्याचे पाणी, भिजवलेला सब्जा, जवाचे पाणी, सराट्याचा काढा, आणि त्याने भागले नाही की डॉक्टरांच्या गोळ्या. गोळ्यांनी बरे वाटते आणि महिना-दोन महिन्यांत पुन्हा तेच. हे दुखणे याच वयात असे का चिकटते, याचे उत्तर मिळायला फार वेळ लागला. त्या उत्तराचा एक भाग जंतूंच्या अभ्यासकांकडे होता आणि दुसरा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. दोघांची गाठ पडली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस.

दुखण्याची ओळख जुनी आहे. चरकसंहितेत मूत्रकृच्छ्राचे, म्हणजे कष्टाने होणाऱ्या लघवीचे, आठ प्रकार सांगितले आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातही त्याचा स्वतंत्र विचार आहे. गोखरू म्हणजेच सराटे, पुनर्नवा, वायवर्णा आणि कुश-काशासारख्या गवतांची मुळे ही त्यावरची औषधे. त्याच सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात स्त्रीचे आर्तव बाराव्या वर्षापासून सुरू होते आणि पन्नाशीच्या सुमारास संपते, अशी नोंद आहे. निरीक्षण अचूक आहे. पण पाळीची समाप्ती एका भागात आणि लघवीची आग दुसऱ्यात, अशी ही विभागणी झाली. युरोपातही फारसे वेगळे नव्हते. मध्ययुगातले वैद्य काचेच्या फुगीर भांड्यात लघवी धरून तिचा रंग, गढूळपणा आणि साका पाहत आणि त्यावरून साऱ्या शरीराचे निदान करत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंतुशास्त्राने चित्र पालटले. थिओडोर एशरिख यांनी १८८५ मध्ये तान्ह्या बाळांच्या विष्ठेतून एक जंतू वेगळा काढला. पुढे त्यालाच त्यांचे नाव मिळाले: एशरिखिया कोलाय, म्हणजे आजचा ई. कोलाय. १८९४ मध्ये त्यांनी मुलींच्या मूत्राशयाच्या दाहात हाच जंतू सापडत असल्याचे मांडले. मूत्रसंसर्गांतले बहुसंख्य आजही याच जंतूमुळे होतात, आणि तो येतो तो रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातून. याच सुमारास, १८९२ मध्ये, जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी निरोगी योनीतल्या स्रावात लांबट दांडीसारखे जंतू पाहिले. हे जंतू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात रोगकारक जंतू वाढत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. हेच लॅक्टोबॅसिलस, दह्याच्या विरजणातल्या जंतूंचे सगोत्र. शत्रू आणि राखणदार असे दोघेही दहा वर्षांच्या आत सापडले होते, पण त्यांचा एकमेकांशी संबंध जोडला गेला नाही.

ज्यांना हे दुखणे होते त्या स्त्रिया डॉक्टरांपर्यंत पोचत होत्या का, हा प्रश्नही इतिहासाचाच भाग आहे. लघवीच्या जागेचे दुखणे पुरुष डॉक्टरला सांगायचे, तपासू द्यायचे, हे मुंबईसारख्या शहरातही बहुतेक घरांत अशक्य होते. त्यासाठीच सोराबजी शापूरजी बंगाली आणि अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज यांनी स्त्री डॉक्टर आणण्यासाठी निधी उभा केला. १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले आणि सुरुवातीच्या काळात तिथली धुरा इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पीची यांनी सांभाळली. स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेल्या रुग्णालयाची गरज किती खरी होती, हे अशा न बोलल्या जाणाऱ्या दुखण्यांवरून कळते.

औषधांची सुरुवात १८९० च्या दशकात झाली. आर्थर निकोलायर यांनी मेथेनामिन हे रसायन मूत्रसंसर्गावर वापरायला काढले. धनुर्वाताचा जंतू ज्यांनी शोधला तेच हे निकोलायर. मेथेनामिन रक्तात निष्क्रिय राहते, पण आम्लधर्मी लघवीत त्याचे विघटन होऊन फॉर्मल्डिहाइड तयार होते आणि जंतू मरतात. युरोट्रोपिन या नावाने ते जगभर खपले. १९३५ मध्ये गेरहार्ड डोमाक यांनी सल्फा औषधांचा पाया घातला, १९५० च्या दशकात नायट्रोफ्युरँटॉइन आले, मग नॅलिडिक्सिक आम्ल, मग ट्रायमेथोप्रिम. आता दोन-चार दिवसांत आग शमू लागली, आणि पुन्हा का होते हा प्रश्न मागे पडला.

दुसऱ्या बाजूला संप्रेरकांचे शास्त्र वाढत होते. १९२९ मध्ये एडवर्ड डॉयझी आणि अडॉल्फ बुटेनान्ट यांनी स्वतंत्रपणे इस्ट्रोन शुद्ध रूपात मिळवले. अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन योनीचे अस्तर जाड ठेवते आणि त्यातल्या पेशींत ग्लायकोजेन साठवते. ग्लायकोजेनच्या विघटनातून लॅक्टोबॅसिलसला खाद्य मिळते, आम्ल तयार होते आणि योनीचा सामू (पीएच) चारच्या आसपास राहतो. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटते, अस्तर पातळ होते, ग्लायकोजेन कमी होते, लॅक्टोबॅसिलस नाहीसे होतात आणि सामू पाचाच्या वर चढतो. मोकळ्या पडलेल्या जागी आतड्यातले जंतू ठाण मांडतात. तिथून मूत्राशय जेमतेम चार सेंटिमीटर दूर असते. मूत्रमार्गाचे आणि मूत्राशयाच्या तळाचे अस्तरही इस्ट्रोजेनवरच पोसले जाते, त्यामुळे तेही कमजोर होते.

ही साखळी कोणी पूर्ण मांडण्याआधीच उपचार हाती आला होता. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या उदाल सॅलमन आणि सहकाऱ्यांनी पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीच्या जळजळीवर आणि लघवी न थांबण्यावर इस्ट्रोजेन देऊन गुण येत असल्याचे एका स्त्रीरोगविषयक नियतकालिकात लिहिले. ते स्त्रीरोगतज्ज्ञांनी वाचले असेल. पण वारंवार संसर्ग होणारी स्त्री जात होती घरच्या डॉक्टरांकडे किंवा मूत्रविकारतज्ज्ञाकडे, आणि तिथे नुकत्याच आलेल्या जंतुनाशकांचा दबदबा होता. ही संधी हुकणे या साऱ्या इतिहासातली सर्वांत खेदाची गोष्ट म्हणावी लागेल.

१९५६ मध्ये बॉस्टनच्या एडवर्ड कास यांनी लघवीच्या कल्चरला एक मोजमाप दिले. एका मिलिलिटरमध्ये १ लाख किंवा अधिक जंतू वाढले तर तो संसर्ग मानावा. प्रयोगशाळेत बारीक तारेच्या कड्याने ठरावीक लघवी उचलून पोषक थरावर पसरतात, रात्रभर ऊबेत ठेवतात आणि सकाळी उगवलेले ठिपके मोजतात. मोजमाप उपयोगी होते, पण त्याचा अर्थ ताणला गेला. वय वाढेल तसे अनेक स्त्रियांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडतात. केवळ अहवालावर आकडा आला म्हणून अशा लाखो वृद्ध स्त्रियांना प्रतिजैविके दिली गेली. पुढच्या अभ्यासांत या औषधांनी त्यांचा काही फायदा होत नाही असे निष्पन्न झाले, आणि आजची मार्गदर्शक तत्त्वे लक्षणे नसतील तर औषध देऊ नका, असेच सांगतात. उलट १९८२ मध्ये वॉल्टर स्टॅम यांनी दाखवले की आग होत असलेल्या स्त्रीत १ लाखाहून कितीतरी कमी जंतूही खरा संसर्ग असू शकतात. आकड्यापेक्षा स्त्रीचे म्हणणे महत्त्वाचे, हे त्यातून ठरले.

१९७० च्या दशकात स्टॅनफर्डचे मूत्रविकारतज्ज्ञ थॉमस स्टेमी यांनी योनीमुखाशी आतड्यातले जंतू आधी वस्ती करतात आणि मूत्राशय मागाहून बाधते, हा क्रम मांडला. मूत्रविकारतज्ज्ञाने योनीच्या सामूकडे लक्ष देणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. तरीही प्रत्यक्ष उपचारात रूढ झाला तो रोज रात्री थोडे प्रतिजैविक घेण्याचा मार्ग. घेत असेपर्यंत संसर्ग थांबे आणि सोडले की परते.

निर्णायक पुरावा १९९३ मध्ये आला. इस्राएलचे राउल राझ आणि उपरोक्त स्टॅम यांनी वारंवार संसर्ग होणाऱ्या, पाळी गेलेल्या ९३ स्त्रियांची चाचणी केली. ५० जणींना इस्ट्रिऑल हे सौम्य इस्ट्रोजेन असलेले मलम दिले आणि ४३ जणींना औषध नसलेले तसेच दिसणारे मलम. दोन आठवडे रोज रात्री अर्धा मिलिग्रॅम, त्यानंतर आठवड्यातून दोनदा, असे आठ महिने योनीत लावायचे होते. सुरुवातीला एकीच्याही योनीत लॅक्टोबॅसिलस नव्हते. महिनाभरात इस्ट्रिऑल लावणाऱ्या गटातल्या सुमारे ६१ टक्के स्त्रियांत ते परतले, सामू साडेपाचवरून ३.८ वर आला. संसर्गाचे प्रमाण दर स्त्रीमागे वर्षाला ०.५ राहिले, तर दुसऱ्या गटात ५.९. डोडरलाइन यांनी शंभर वर्षांपूर्वी पाहिलेले जंतू परत आणले की एशरिख यांच्या जंतूला जागा उरत नाही, हे आता आकड्यांनी सिद्ध झाले.

इतका ठसठशीत निकाल लागूनही मलम घरोघरी पोचले नाही. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो, हे १९७५ मध्ये उघड झाले होते. २००२ मध्ये अमेरिकेतली १६,६०८ स्त्रियांवरची संप्रेरक गोळ्यांची मोठी चाचणी स्तनकर्करोगाचा धोका दिसल्याने मध्येच थांबवली गेली. भीती गोळ्यांची होती, पण इशारा मलमाच्या वेष्टनावरही तोच छापला गेला. वास्तविक योनीत लावलेल्या अल्प मात्रेतले इस्ट्रोजेन रक्तात फारच कमी जाते. आणि गोळ्यांचा या संसर्गावर उपयोगही होत नाही, उपयोग होतो तो जागच्या जागी लावलेल्या औषधाचा. हे स्पष्टपणे सांगितले न गेल्याने कित्येक स्त्रियांनी मलम हातात घेऊन माहितीपत्रक वाचले आणि ते तसेच ठेवून दिले.

मूत्राशयातही नवे दिसत गेले. २००३ मध्ये सेंट लुइसच्या स्कॉट हुल्टग्रेन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांत दाखवले की ई. कोलाय मूत्राशयाच्या पेशींच्या आत शिरून गोळे करून राहतो, त्यामुळे औषध आणि तपासणी या दोन्हींच्या हाती लागत नाही. २०१२ पासून शिकागोच्या संशोधकांनी निरोगी स्त्रियांची लघवीही निर्जंतुक नसते हे सिद्ध केले. २०१३ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेने इस्ट्रोजेनमुळे मूत्राशयाच्या पेशी स्वतःची जंतुनाशक प्रथिने अधिक तयार करतात, असे मांडले.

बाकीच्या उपायांचा लेखाजोखा मिश्र आहे. क्रॅनबेरीच्या रसावर १९९४ मध्ये वृद्ध स्त्रियांत आशादायक चाचणी झाली. २०२३ च्या मोठ्या आढाव्यात वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांत धोका सुमारे चौथाईने कमी झालेला दिसला, मात्र वृद्धाश्रमातल्या स्त्रियांत नाही. डी-मॅनोज या साखरेच्या भुकटीने २०२४ च्या ब्रिटिश चाचणीत काही फरक पडला नाही. एकोणिसाव्या शतकातले मेथेनामिन मात्र परतले. ब्रिटनमधल्या २४० स्त्रियांच्या चाचणीत, २०२२ मध्ये, ते रोजच्या प्रतिजैविकाच्या तोडीचे ठरले.

प्रतिजैविकांवरचे अवलंबित्व कमी करणे भारतात विशेष निकडीचे आहे. इथल्या ई. कोलायमध्ये नेहमीच्या औषधांना दाद न देणारे प्रकार फार आहेत, आणि २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांवर विक्रीची कडक बंधने आहेत. जोडीला शौचालयांचा प्रश्न येतो. बाहेर जायचे म्हणून पाणी कमी प्यायचे आणि लघवी तुंबवायची, ही सवय कित्येक कष्टकरी स्त्रियांना लागलेली असते. पुरुषांना मुतारी फुकट आणि स्त्रियांकडून पैसे, या अन्यायाविरुद्ध मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी राहिली. शिवाय अंग बाहेर येणे, मूत्राशय पूर्ण रिकामे न होणे आणि मधुमेह यांमुळेही पाळी गेल्यावर संसर्ग परततो, म्हणून मलमाआधी या गोष्टी तपासून घ्याव्या लागतात.

अमेरिकन मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये योनीत लावायच्या इस्ट्रोजेनची अधिकृत शिफारस केली. ब्रिटनमध्ये २०२२ पासून पन्नाशी ओलांडलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांना योनीत ठेवायच्या अल्प मात्रेच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वेष्टनावरचा तो जुना ठळक इशारा काढण्याचा निर्णय जाहीर केला. भारतात इस्ट्रिऑलचे मलम चिठ्ठीवर मिळते. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीने ते कर्करोगतज्ज्ञाला विचारूनच वापरायचे असते. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि उपचार थांबवला की अस्तर पुन्हा पातळ होते, म्हणून गुण आल्यावरही आठवड्यातून दोनदाची मात्रा चालू ठेवावी लागते.