सीमाभागातला जुना बाजार : वस्तूचा भाव आणि दात्याची जबाबदारी

जुन्या वस्तूचा भाव तिच्या वयावर ठरतो, असं वरवर पाहता वाटतं. पण आजीच्या काळातला तांब्याचा बंब आज मोडीत घातला तर तो घेताना मोजलेल्या पैशांच्या कितीतरी पट हातात येतात, आणि चार वर्षांपूर्वीचं अभियांत्रिकीचं पुस्तक कोरं असूनही रद्दीच्या तराजूत जातं. वय हे कारण नव्हेच. घेणाऱ्याला त्या वस्तूची खात्री कशामुळे पटते, यावर भाव ठरतो. ही खात्री कधी वस्तूच्या धातूत असते, कधी घेणाऱ्याच्या डोळ्यांत नि बोटांत, तर कधी सरकारी कागदात. कर्नाटकातल्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात या तिन्हींतला फरक ठळक दिसतो. निपाणीला महाराष्ट्रातलं कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर, बेळगाव त्याहून बरंच लांब. म्हणजे बाजाराची ओढ एकीकडे आणि शाळा-कचेऱ्यांचे नियम दुसरीकडे.

धातूचं गणित सोपं आहे. तांबं-पितळ वजनावर जातं; डाग दिलेला असेल, बुडाला लोखंडी कडं असेल तर तेवढी तूट धरतात. लोखंडी मोड तर सीमा ओळखतच नाही. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत, तशाच कोल्हापूरच्या शिरोली नि गोकुळ शिरगावातही. दोन्हीकडच्या भट्ट्यांना भंगार लागतं, म्हणून निपाणीचा भंगारवाला दोन्हीकडचा भाव विचारून मगच माल हलवतो.

कपड्यांची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. कापडाला वजनाचा भाव जवळजवळ नसतो. (खऱ्या जरीच्या साड्यांचा अपवाद. त्यातल्या चांदीसाठी जुनी जर घेणारे दारोदार फिरतात.) शर्टाची खात्री कॉलरच्या घडीवर, काखेतल्या शिवणीवर आणि उजेडाकडे धरल्यावर दिसणाऱ्या विरळ जागांवर होते. जुनं इरकल घेताना बाई आधी घडीची रेघ बोटांनी चाचपते आणि मग पदर जिथे अंगाला जोडलेला असतो तो सांधा. रेशीम घडीवर चिरतं, जोडपदर सांध्याशी उसवतो. ही पारख घरोघरी असते, म्हणून कापडात फसवणूक कमी होते.

मग या भागात जुन्या कपड्यांची नीट दुकानं का उभी राहिली नाहीत? याचं कारण इथल्या काटकसरीतच आहे. कपडा आधी धाकट्या भावंडाकडे जातो; साडी वाकळेत जाते, तिलाच पलीकडच्या कन्नड घरात कौदी म्हणतात; उरलेलं बोहारणीकडे भांड्यांच्या बदल्यात जातं. अंगात घालण्याजोगा कपडा या साखळीतून बाहेर पडेतो त्यात जीव उरत नाही. शिवाय गेलेल्या माणसाचे कपडे परक्याने वापरू नयेत, हा संकेत अजून पक्का आहे. पण साखळी आता सैल होत चालली आहे. वाकळ शिवायला सुती लुगडं हवं, आणि कपाटात भरलेले असतात कृत्रिम धाग्याचे ड्रेस. ते फाटतही नाहीत आणि वाकळेलाही चालत नाहीत.

तिसरा प्रकार कागदाच्या आधारावरचा, आणि सीमा कापते ती इथेच. मराठी माध्यमाचं पुस्तक म्हणून निपाणीच्या पालकाने कोल्हापुरात बालभारतीचं जुनं पुस्तक घेतलं, तर ते मुलाच्या शाळेत चालत नाही. इकडच्या मराठी शाळांना कर्नाटकाचा अभ्यासक्रम आणि कर्नाटकानेच छापलेली मराठी पुस्तकं. मुलांची भाषा एक, पुस्तकांची अदलाबदल मात्र होत नाही. अभियांत्रिकीत हीच गोष्ट काळाच्या अंगाने घडते. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचं मुख्यालय १९९८पासून बेळगावात आहे. मुलं जुनं पुस्तक घेताना पहिला प्रश्न विचारतात तो ‘कुठल्या स्कीमचं?’, म्हणजे कुठल्या वर्षीच्या अभ्यासक्रमाचं. २०१८ची स्कीम बदलून २०२१ची, मग २०२२ची आली आणि आधीच्या पुस्तकांचा भाव कोसळला. सत्राच्या सुरुवातीला सीनियरकडून पुस्तकं उचलणाऱ्याने किमतीच्या आधी स्कीम पाहावी.

दुचाकीतही तेच. निपाणीकडच्या गाड्या केए-२३, कोल्हापूरच्या एमएच-०९. मोटार वाहन कायद्याच्या ४७व्या कलमानुसार बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंद करावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचं ना-हरकत पत्र आणि नव्या राज्याचा कर आलाच. हा खर्च किमतीत मिळवला की कोल्हापुरात स्वस्त पडलेली गाडी बऱ्याचदा स्वस्त राहत नाही. आणि नावावर न करता वापरली तर विकणाऱ्याचीही सुटका नाही. अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरवून दिलं आहे.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या गाड्यांच्याच उदाहरणावरून दाखवलं, की दोष फक्त विकणाऱ्याला ठाऊक असतील तर घेणारा सगळ्याच मालाला कमी भाव देतो आणि चांगला माल बाजारातून निघून जातो. हा विचार मला दानधर्मालाही लावावासा वाटतो. नको असलेले कपडे भिंतीवर टांगायचे नि गरजूने ते फुकट न्यायचे, ही २०१५मध्ये इराणच्या मशहद शहरात सुरू झालेली कल्पना ‘माणुसकीची भिंत’ या नावाने महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत आली. हेतू उत्तम. पण जिथे किंमत शून्य, तिथे देणारा पारखत नाही आणि घेणाऱ्याला पारखायचा संकोच वाटतो. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठी मदत म्हणून आलेल्या सामानात न धुतलेले, फाटके कपडे किती होते, हे काठावरच्या लोकांनी पाहिलं आहे.

ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर १९४०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेलं ऑक्सफॅम या मदतसंस्थेचं दुकान दानात आलेल्या वस्तूंनाही किंमत लावतं, आणि मला तीच रीत योग्य वाटते. माल दानात आलेला असतो, मोजणारे-विकणारे बहुतेक स्वयंसेवक असतात, म्हणून विक्रीतलं बरंचसं शिल्लक संस्थेच्या कामाला जातं. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे आपल्याकडे अशा दुकानात वीस रुपये मोजणारी बाई स्वेटर उलटा करून पाहू शकते, घासाघीस करू शकते, नको म्हणू शकते. तिच्या या हक्कासाठीच निवडीचं काम दुकानाला आधी करावं लागतं.

बेळगाव-निपाणीत असं दुकान निघालं, तर त्याला मोडीची भांडी नकोत. त्यांचा बाजार आधीच चोख आहे. लहान मुलांचे कपडे, गणवेश, थंडीचे स्वेटर, आणि स्कीमचं वर्ष मुखपृष्ठावर ठळक लिहिलेली पुस्तकं, एवढं पुरे. सोबत शिवणयंत्रावर एक माणूस लागेल, कारण आलेल्या कपड्यांतल्या पुष्कळशांना फक्त नवी चेन, चार बटणं किंवा सोडलेली दुमड हवी असते.