धवलेरीची गीते

धवलेरीची गीते ही वारली समाजातील विवाहविधीच्या वेळी म्हटली जाणारी पारंपरिक मौखिक गीते होत. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत वारली समाजाची मोठी वस्ती आहे. या समाजाच्या परंपरेत लग्न लावण्याचा मान धवलेरी या स्त्रीकडे असतो. लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक रेखाटतात. त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते. धवलेरी गीतांतून देवदेवतांना आवाहन करते आणि विधी पुढे नेते.

नाव व पूर्वपरंपरा

‘धवलेरी’ या शब्दाचा संबंध ‘धवळे’ या विवाहगीतांच्या प्रकाराशी जोडला जातो. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 13व्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात धवल प्रबंधाचे चार, सहा व आठ चरणांचे भेद सांगितले आहेत. त्याच शतकात महदंबा या महानुभाव कवयित्रीने श्रीकृष्ण-रुक्मिणी विवाहावर धवळे रचले. महदंबेला मराठीची आद्य कवयित्री मानतात.

रचना

ग्रंथांतील धवळ्यांप्रमाणे वारली गीतांत चरणसंख्येचे बंधन नसते. ओळ आखूड असते. पुढच्या ओळीत बहुधा तेच शब्द येतात, फक्त एखादे नाव वा क्रियापद बदलते. या एका बदलाने कथन पुढे सरकते. गीताची लांबी विधीवर अवलंबून असल्याने विधी लांबला की आवर्तने वाढतात.

नाद

या गीतांत अंत्ययमकाचे काम मुख्यतः पुनरावृत्तीच करते. ओळीच्या शेवटी तोच शब्द परतल्याने ठेका टिकतो. लांबवलेला अंत्यस्वर व संबोधने यांमुळे कमी-अधिक अक्षरांची ओळही चालीत बसते. म्हणून केवळ अक्षरे वा मात्रा मोजून या गीतांचे छंद ठरवता येत नाहीत.

लिखित रूप

कविता महाजन यांनी संकलित केलेला ‘वारली लोकगीते’ हा संग्रह साहित्य अकादमीने प्रकाशित केला आहे. मौखिक गीत छापताना पुनरावृत्त ओळी गाळल्या, तर अर्थ बहुतांशी उरतो. मात्र ठेका व विधीशी जुळलेली लांबी नाहीशी होते. प्रमाण मराठीत रूपांतर केल्यास वारली बोलीचे उच्चारही बदलतात. त्यामुळे मूळ बोलीतील पूर्ण पाठ, आवर्तनांची नोंद आणि ध्वनिमुद्रण ही तिन्ही या गीतांच्या अभ्यासासाठी आवश्यक ठरतात.