शुभवर्तमान : गोदाकाठच्या मराठीला मिळालेले देणे

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील मानाचे गाव होय. ‘विवेकसिंधु’कर्ते मुकुंदराज यांची समाधी याच परिसरात आहे. सुमारे चाळीस फूट लांबीच्या वस्त्रावर तत्त्वज्ञान लिहिणारे दासोपंत (१५५१-१६१५) याच गावी राहिले आणि येथेच समाधिस्थ झाले. दासोपंतांची ‘पासोडी’ आकाराला येत होती, त्याच काळात कोकणपट्टीत एक इंग्रज धर्मगुरू मराठी ओवी शिकत होता. फादर थॉमस स्टीफन्स (सुमारे १५४९-१६१९) हे त्यांचे नाव. १५७९ मध्ये ते गोव्यात आले आणि १६१६ मध्ये राशोल येथे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. हे दोघे एकमेकांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही दोघांनी लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी ओवीचाच आश्रय घेतला, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. ख्रिस्ती शुभवर्तमान मराठीत आले ते याच वाटेने.

शुभवर्तमान म्हणजे काय?

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘चांगली बातमी’ असा आहे. मराठीत त्यासाठी ‘शुभवर्तमान’ आणि ‘सुवार्ता’ हे दोन शब्द रूढ झाले. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावे असलेली चार शुभवर्तमाने नव्या कराराच्या आरंभी येतात. येशू ख्रिस्ताचे जीवन, शिकवण, मरण आणि पुनरुत्थान हा त्यांचा विषय.

या बातमीचे स्वरूप देणगीचे आहे, यावर पौलाच्या पत्रांत विशेष भर आहे. तारण माणसाच्या कर्तृत्वाने, कुळाने किंवा कर्मकांडाने मिळत नाही. ते देवाच्या कृपेने मिळते आणि म्हणून कोणालाही त्याचा गर्व करता येत नाही, असे तो इफिसकरांस लिहितो. यातून दुसरे सूत्र आपोआप निघते. जे कमावलेले नाही त्यावर कोणाचा वंशपरंपरागत हक्क राहत नाही. म्हणूनच ख्रिस्ताच्या ठायी यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेद उरत नाही, असे गलतीकरांस पत्रात प्रतिपादिले आहे. प्रेषितांच्या कृत्यांत पन्नासाव्या दिवसाची जी कथा आहे, तिच्यात निरनिराळ्या देशांचे लोक एकच संदेश आपापल्या भाषेत ऐकतात. ख्रिस्ती परंपरेत ऐक्याचा अर्थ सर्वांनी एकच भाषा बोलावी असा नाही, हे या कथेवरून दिसते. भाषांतराला या धर्मात जे महत्त्व आले त्याचे मूळ येथेच आहे.

क्रिस्तपुराण : पहिले देणे

‘क्रिस्तपुराणा’त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. बायबलमधील कथा पुराणाच्या घाटात आणि एकनाथकालीन मराठीशी नाते सांगणाऱ्या, कोकणी शब्दांनी समृद्ध अशा भाषेत येथे सांगितली आहे. ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. सतराव्या शतकातील त्याच्या मुद्रित प्रती आज उपलब्ध नाहीत. मात्र हस्तलिखितांतून तो टिकला. १९०७ मध्ये मंगळूरहून त्याची आवृत्ती निघाली आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला. मराठी भाषेची स्टीफन्स यांनी केलेली स्तुती आजही शाळा-महाविद्यालयांतून वाचली जाते.

या कथेला दुसरी बाजूही आहे. ज्या पोर्तुगीज सत्तेच्या छायेत हा ग्रंथ जन्मला, तिने मंदिरे पाडली, जुने ग्रंथ जप्त केले आणि १६८४ मध्ये स्थानिक भाषेच्या वापराविरुद्धच फर्मान काढले. आपली जुनी पुराणे गेल्यावर नव्या ख्रिस्ती झालेल्यांना मनाला विरंगुळा देणारे काही वाचनच उरले नाही, ही गरज या पुराणामागे होती. देणे म्हणून जे येते त्याच्यासोबत सक्तीही येऊ शकते, हा धडा इतिहासाने येथेच दिला. सक्तीची राजवट गेली. ओवी मात्र राहिली, ही बाबही तितकीच खरी.

सेरामपूर, मुंबई, अहमदनगर

मराठी बायबलच्या मुद्रित भाषांतराचा आरंभ बंगालमधील सेरामपूर येथे झाला. विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडित यांच्या साह्याने हे काम हाती घेतले. मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि संपूर्ण नवा करार १८११ मध्ये छापून झाला. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. त्यांच्या मिशनने १८२६ मध्ये मुंबईत नवा करार प्रसिद्ध केला. १८३१ मध्ये या मिशनचे केंद्र अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे सुरू झाले. १८४२ मध्ये तेथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले.

बीड जिल्ह्याची पश्चिम सीमा याच जिल्ह्याला भिडलेली आहे. परंतु त्या काळी ही दोन राज्यांची सीमा होती. पलीकडे इंग्रजी अंमल आणि अलीकडे निजामाची रियासत, जी सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकली. छापखाने, शाळा आणि मिशन यांचा विस्तार पलीकडे जितका झाला तितका अलीकडे झाला नाही. त्यामुळे मराठवाड्यातील ख्रिस्ती परंपरेची कथा विरळ, पण वेगळी आहे.

जालन्याचे बेथेल

या कथेतील ठळक नाव म्हणजे रेव्हरंड नारायण शेषाद्री. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या शेषाद्री यांनी १८४३ मध्ये मुंबईत फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यालाही मिशनमध्ये राहावयाचे होते. मात्र न्यायालयाने त्याला पालकांच्या स्वाधीन केले. त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावर मुंबईत मोठा वाद पेटला आणि त्याच्या बाजूने उभे राहिल्याबद्दल बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. एका कुटुंबाच्या श्रद्धेचा प्रश्न साऱ्या समाजाचा कसा होतो, याचे हे उदाहरण.

पुढे शेषाद्री यांनी गोदावरीच्या उत्तरेकडील जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ ‘बेथेल’ हे गाव वसवले. हिब्रू भाषेत बेथेल म्हणजे ‘देवाचे घर’. ख्रिस्ती झालेली वंचित जातींतील कुटुंबे येथे शेती आणि निरनिराळे व्यवसाय करून स्वतःच्या पायावर उभी राहावीत, हा त्यामागचा हेतू होता. मुस्लिम संस्थानाच्या दिवाणाने दिलेल्या जमिनीवर, ब्राह्मण कुळात जन्मलेल्या ख्रिस्ती धर्मगुरूने, गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांसाठी गाव उभारले. ऐक्याचा अर्थ सांगण्यासाठी मराठवाड्याला याहून बोलका दाखला शोधावा लागणार नाही.

टिळक आणि ‘देवाचा दरबार’

शुभवर्तमान सर्वांचे असेल, तर ते परक्या वेषात का यावे, हा प्रश्न रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी आयुष्यभर विचारला. १८९३ मधील रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचून ते भारावले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगर ही त्यांची कर्मभूमी ठरली. १९१२ पासून अखेरपर्यंत ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. आपण तुकारामांच्या वाटेनेच ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भावना होती. म्हणूनच त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत स्थान दिले. त्यांची अनेक गीते आजही मराठी मंडळ्यांत गायिली जातात.

१९१७ मध्ये मिशनच्या सेवेतून मुक्त होऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सारेच शिष्य यात एकत्र यावेत, असा त्यांचा मानस होता. परदेशी मिशनची शिस्त आणि पंथांच्या भिंती यांपेक्षा मोठे असे भारतीय बंधुत्व त्यांना हवे होते. त्यांच्या निधनाने हा प्रयोग अपुरा राहिला. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही अपुरेच होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले.

लक्ष्मीबाई टिळकांची (१८६८-१९३६) ‘स्मृतिचित्रे’ ही या ऐक्याची खरी कसोटी सांगतात. पतीच्या धर्मांतराने त्यांच्या संसाराची ताटातूट झाली. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, परंतु सोवळे-ओवळे लगेच सुटले नाही. इतरांच्या हातचे पाणी पिण्याइतके साधे पाऊल टाकायलाही मनाशी किती झगडावे लागते, हे त्यांनी निखळ विनोदाने लिहिले. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. ग्रंथातील समतेचे वचन स्वयंपाकघरापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, हे या पुस्तकातून कळते.

रमाबाईंचे बायबल

देणे सर्वांचे असेल तर ते सर्वांना कळले पाहिजे. हा आग्रह पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी प्रत्यक्षात आणला. संस्कृतच्या या पंडितेने उत्तरायुष्यात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला. उपलब्ध मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर असल्याने अल्पशिक्षित स्त्रियांना ते दुर्बोध वाटते, हे त्यांनी ओळखले होते. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी एकहाती संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले आणि ते तेथील स्त्रियांनीच छापले. दुष्काळाने आणि रूढीने देशोधडीला लागलेल्या स्त्रिया एका धर्मग्रंथाचे खिळे जुळवत होत्या, हे दृश्य त्या काळात अपूर्व होते. मृत्यूपूर्वी त्यांनी हे काम पुरे केले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रकाशित झाला.

अपुरे राहिलेले ऐक्य

या परंपरेचा गौरव करताना तिच्यातील उणिवाही नोंदवल्या पाहिजेत. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातील अंतर मोठे होते. प्रॉटेस्टंटांतही मिशनगणिक मंडळ्या वेगळ्या होत्या. १९७० मध्ये उत्तर भारतातील अनेक पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले, तेव्हा हे अंतर काही अंशी घटले. कॅथलिक चर्चचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये अस्तित्वात आला.

जातीचा प्रश्न अधिक बिकट ठरला. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतून आलेला आहे. धर्म बदलला तरी गावाची नजर बदलली नाही. चर्चमध्येही जात पूर्णपणे पुसली गेली नाही. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो लागू झाला. दलित ख्रिस्ती आणि मुस्लिम मात्र त्याबाहेर राहिले. हा दर्जा धर्मनिरपेक्ष असावा, अशी शिफारस रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये केली होती.

पुन्हा गोदेच्या खोऱ्यात

बीडला लागून असलेल्या उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षपदी होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादन करणारे, हरित वसईच्या चळवळीत उतरलेले आणि ‘सुबोध बायबल’ सिद्ध करणारे हे धर्मगुरू संमेलनाचे पहिले ख्रिस्ती अध्यक्ष ठरले. त्यांच्या निवडीला काही संघटनांनी विरोध केला. तरीही संमेलन पार पडले आणि संत गोरा कुंभारांच्या जिल्ह्यात रसिकांनी त्यांचे स्वागत केले. २०२४ मध्ये दिब्रिटो यांचे निधन झाले.

बीड जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या अत्यल्प आहे. तरीही स्टीफन्सची ओवी, टिळकांचा अभंग, लक्ष्मीबाईंचे गद्य आणि रमाबाईंची सोपी मराठी ही संपत्ती केवळ त्या समाजाची राहिलेली नाही. ख्रिस्ती श्रद्धावंताला शुभवर्तमानात तारणाची देणगी दिसते, तर इतरांच्या वाट्याला त्यातून भाषेचे आणि माणुसकीचे देणे आले. देणगीचे मोल ती घेणाऱ्यांच्या परस्पर वागणुकीत कळते. गावकुसाबाहेरच्या माणसाला पंगतीत मानाने बसवले जाते का, या एका प्रश्नावर शुभवर्तमानाची परीक्षा पहिल्या शतकात झाली होती. गोदाकाठी ती अजून संपलेली नाही.